सबाहियाच्या गच्चीवरचा मसाला

बू फवाजला राखीव दलाच्या छावणीवर हजर व्हायचा निरोप आला तेव्हा गच्चीवर तीन गोणी मिरची वाळत पडली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी फखरुन्निसा कामाला आली, तर तो हिरवट कपडे घालून जिन्याच्या पायरीवर बुटाच्या नाड्या बांधत बसलेला. एरवी अहमदीला ऑफिसात जाणारा, पोट सुटलेला माणूस. शर्टाची बटणं ताणून बसली होती.

"खाला, मिरची सांभाळ," तो म्हणाला. "महिन्याभराचं काम. आलोच."

"अल्लाच्या हवाली," फखरुन्निसा म्हणाली आणि बाजूनं वर चढली.

फवाज त्यांचा थोरला मुलगा. त्याच्या नावानं बापाला सगळे बू फवाज म्हणत आणि आईला उम्म फवाज. सबाहियातल्या या घराच्या गच्चीवर उम्म फवाजचा मसाल्याचा धंदा होता. बरणीवर तिच्या आजीचं चित्र होतं, डोक्यावरून काळा बुरखा घेतलेल्या म्हातारीचं. आतला मसाला मात्र बोर्ली पंचतनचा. फखरुन्निसाच्या सासूच्या हातचा, तिथून फखरुन्निसाच्या हातात आलेला. खसखस या आखाती मुलखात आणायची सोय नाही म्हणून तिच्या जागी तीळ, आणि इकडच्या जिभेला हवं म्हणून वाळलेलं काळं लिंबू. एवढाच काय तो फरक. आठ वर्षं ती हा मसाला भाजत होती.

बू फवाज गेला आणि गच्चीचं सगळं गणित मोडलं. गोण्या वर चढवायचा तो. भाजलेला माल फहाहीलच्या गिरणीत नेऊन दळून आणायचा तो. संध्याकाळी घरोघर बरण्या पोचवायचा तो. फखरुन्निसाला फहाहीलच्या खोलीवरून गाडीनं आणायचा-सोडायचाही तोच. आता ती बसनं येऊ लागली. ऑगस्टचा शेवट. पहाटेपासून समुद्राकडून कोस वारा सुटलेला असे, दमट, अंगाला चिकटणारा. बसथांब्यावर दहा मिनिटं उभं राहिलं की ओढणी पिळून काढावी अशी व्हायची. वाळलेली मिरची त्या वाऱ्यानं परत मऊ पडे. ती पुन्हा पसरायची, दुपारी कडक उन्हात परतायची, दिवस उतरायला गोळा करून शिडीखोलीत टाकायची. गोणी उचलता येईना, तेव्हा ती परातीनं नेऊ लागली. एका गोणीला चौदा खेपा. गुडघे कुरकुरत.

रात्री जेवताना मुनव्वर म्हणाला, "झेपतं का गो तुला? पाय बघ कसे सुजलेत."

मुनव्वर तिचा नवरा. अम्गराला इमारतीच्या सामानाच्या वखारीत नोंदी ठेवायचा. पहाटे पाचला कंपनीच्या बसनं जायचा, तो अंधार पडल्यावर सिमेंटची पापुद्री धरलेल्या भुवया घेऊन परत यायचा.

"न झेपून काय करू? आपल्या हिनाची कालेजं पुढच्या वर्षी."

"मी हाय की."

"तुमचं भाड्यात जातं," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात माशाचा मधला तुकडा वाढला.

महिना संपला. बू फवाज आला नाही. अजून एक महिना थांबायचा हुकूम झाला. गिरणीवाल्यानं पिशवीतून नेलेला थोडाथोडा माल दळायचं बंद केलं. भाजलेला मसाला डब्यांत पडून वास सोडू लागला. उम्म फवाजच्या फोनवर गिऱ्हाइकांचे निरोप साठले. ती छत्तिशीची, गोरी, नाकाडोळ्यानं नीटस बाई. आधी गच्चीवर फार तर चहाचा थर्मास घेऊन यायची. आता दिवसातून सहा वेळा यायची, उभी राहायची, फोन बघायची, खाली जायची. एकदा ती पोरांना घेऊन वर आली आणि कठड्याला टेकून म्हणाली, "खाला, उत्तरेकडं काही होईल का? तुला काय वाटतं?"

फखरुन्निसाला एकदम नव्वद सालचा तो जुना ऑगस्ट आठवला. लग्नाला दोन वर्षं झालेली. थोरलं पोर अंगावर पिणारं. रस्त्यावर उत्तरेकडून घुसलेल्या परक्या फौजेच्या गाड्या. मग अम्मानपर्यंत बस, वाळवंटातला तंबू, एका डब्यात उरलेला मूठभर मसाला पाण्यात कालवून भाताला लावलेला. तिनं मिरची परतायचा हात थांबवला नाही.

"काय होत नाही," ती म्हणाली. "पोरांना ऊन लागेल, खाली ने."

मग एक दिवस उम्म फवाज फोनवर एक कागद दाखवत धावतच वर आली. दोघींची आपसांतली भाषा म्हणजे अर्धी अरबी, अर्धी हिंदी. घाई झाली की उम्म फवाजची सगळीच अरबी व्हायची. फखरुन्निसाला तुकडे कळले. मदत. यंत्र. बायका. तिनं तो कागद मोबाईलवर मागून घेतला आणि घरी लेकीकडून, हिनाकडून वाचून घेतला.

हिना पलंगावर पालथी पडून वाचत होती. "अम्मी, इट्स अ सोसायटी. राखीव दलात ज्यांचे हजबंड गेलेत ना, त्या बायकांच्या छोट्या बिझनेसना हेल्प. दळायचं मशीन देणार आणि जमइयात सहा महिने शेल्फ फ्री."

जमइया म्हणजे वस्तीचं सहकारी दुकान. तिथं कपाटात बरण्या लागल्या की दारोदार फिरायला नको. फखरुन्निसाचा जीव हलका झाला. "मग झालंच की."

"वेट. कंडिशन आहे. माल बाईनं स्वतः बनवला पाहिजे. दोन मॅडम येणार, समोर करून दाखवायचं." हिनानं मान वर केली. "शी कान्ट, कॅन शी?"

"तिला मिरचीचं देठ काढता येत नाय," फखरुन्निसा म्हणाली.

"आणि अम्मी, तू अब्बांच्या इकाम्यावर आहेस, राहायचं परमिट आहे, कामाचं नाही. तुला तिथं काम करताना कोणी बघितलं तर?"

मुनव्वर मोजे काढत होता. त्याचा एक मोजा हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी उम्म फवाजनं विचारलंच. डोळे खाली, बोटातली अंगठी फिरवत. "खाला, मला शिकव. आठ दिवस आहेत. यंत्र नाही मिळालं तर महिनाअखेर मी बंद करते. माझ्यानं होत नाही."

फखरुन्निसा सुपातले धणे पाखडत होती. बंद झालं तर आपलं काम जाणार. शिकवलं तर आज नाही, उद्या जाणार. जिला स्वतःला भाजता येतं ती दुसरीला महिन्याचे पैसे कशाला देईल? सासूनं हा मसाला पोटच्या लेकींनाही दिला नव्हता. लेकी परक्या घरी जातात म्हणून. सुनेला दिला. तोही लग्नानंतर पाच वर्षांनी, आधी नुसतं जाळ घालायला बसवून. अंगणात चटया, चटईवर मिरच्या, शेजारणींची उखळं, दुपारभर खोकल्याची साथ. सासू म्हणायची, हात बघ, तोंड बघू नको.

"शिकवते," ती म्हणाली. "पण पाच वर्षांचं आठ दिवसांत शिकायचंय. नखरे चालणार नाहीत."

उम्म फवाजनं तिचा खांदा धरून डोक्याचं चुंबन घेतलं.

नखरे झालेच. धूर लागतो म्हणून मास्क, मास्कनं घाम येतो म्हणून पंखा, पंख्यानं जाळ हलतो म्हणून फखरुन्निसानं पंखा बंद केला. मिरची करपली. तीळ तडतडून कढईबाहेर. खोबरं आत कच्चं, वर काळं. तिसऱ्या दिवशी उम्म फवाज रडली. रडता रडता शिंकली.

"किती मिनिटं भाजायचं ते सांग ना एकदा! मी फोनवर घड्याळ लावते."

"घड्याळाला गॅस कळत नाही."

"मग तुला कसं कळतं?"

हे फखरुन्निसाला कुणी विचारलं नव्हतं. तिनं आठवून बघितलं. ओठांत चालत असतं तेच. "खोबऱ्याला दोन कुलहुवल्ला. मिरचीला तीन. धण्याला चार."

उम्म फवाज बघतच राहिली. मग खो खो हसली. "कुराणातली सूरा वाचून भाजतेस? आठ वर्षं मला वाटलं तू जपमाळ करतेस!"

"माझी सासू असंच करायची. तिची सासू पण. घरात घड्याळ होतं कुठं? अल्लाचं नाव पण होतं, धणे पण होतात."

मग ते करून बघितलं. धण्यावर उम्म फवाजनं चार वेळा सूरा म्हटली. जन्माची अरबी जीभ, घरच्या घरी पुटपुटलेली. फखरुन्निसाची एक होईस्तोवर तिच्या दोन. धणे कच्चेच राहिले.

"तू पळतेस," फखरुन्निसा म्हणाली. "तू सात म्हण."

सातला धणे बरोबर उतरले. तांबूस, बोटानं चुरडले की फुटणारे. मिरचीला पाच बसल्या, खोबऱ्याला साडेतीन. उम्म फवाजनं ते मेंदीच्या कोनानं हातावर लिहून घेतलं. सातव्या दिवशी तिनं एकटीनं अख्खा घाणा भाजला. फखरुन्निसा भिंतीला टेकून बसून होती. चव घेतली. होता तसा होता. तिला बरं वाटलं. त्या दिवशी बसमध्ये तिला जागा मिळाली तरी ती उभीच राहिली.

घरी मुनव्वर म्हणाला, "उद्या तू जाऊ नको. त्या बायका येतील, जातील."

"आणि घाणा बिघडला तर?"

"तिचा धंदा हाय, तिचा घाणा हाय."

"घाणा माझा हाय," ती म्हणाली. एवढ्या जोरात, की हिनानं कानातला इयरफोन काढून बघितलं.

ती गेली. ठरलं असं, की ती शिडीखोलीत बसणार, दार ओढून. काही अडलं तर उम्म फवाज पाणी घ्यायचं निमित्त काढून आत येणार. शिडीखोलीत मिरचीच्या गोण्या, रिकामे डबे आणि पाण्याच्या टाकीचा नळ. पंखा नव्हता. दाराच्या फटीतून पत्र्याची शेड, शेगडी आणि कढई दिसत होती. फखरुन्निसा उपड्या डब्यावर बसली. दहा मिनिटांत पाठीवरून घाम वाहू लागला. घशात तिखट खवखवलं. खोकता येत नव्हतं. तिनं ओढणीचं टोक तोंडात धरलं.

दोघी आल्या. एक साठीची, अंगानं भरलेली, हातात मण्यांची माळ, शाळेच्या मोठ्या बाईंसारखा आवाज. दुसरी पोरसवदा, हातात टॅब. उम्म फवाजनं कॉफी दिली, खजूर दिले. नवरा कुठल्या छावणीत, मुलं किती, सगळं झालं. थोरल्या बाईनं बरणीवरच्या चित्राकडं बघून विचारलं, "ही कोण?"

"माझी आजी. मसाला तिचाच."

फखरुन्निसानं ओढणी दातात घट्ट धरली.

खोबरं झालं. मिरची झाली, जरा पुढं गेली, पण चालण्यासारखी. मग कढईत धणे पडले आणि उम्म फवाज हसून म्हणाली, "आमच्या घरात वेळ घड्याळावर मोजत नाहीत, सूरा म्हणून मोजतात."

"माशाल्ला," थोरली बाई म्हणाली. तिच्या हातातली माळ थांबली. "म्हण बघू."

आणि उम्म फवाजनं म्हटली. रोजच्यासारखी पुटपुटून नाही. मोठ्या बाईसमोर, मदरशात शिकवतात तशी, प्रत्येक अक्षर जागच्या जागी, सूर लांबवून, श्वास घेऊन. सुरेख आवाज होता तिचा. थोरल्या बाईनं डोळे मिटले. टॅबवाली पोरगीसुद्धा टॅब खाली घेऊन उभी राहिली.

आत फखरुन्निसानं पहिलीलाच ओळखलं. ही एकेक तिच्या स्वतःच्या एकीपेक्षाही लांब चालली होती. तिसरी संपली तेव्हा धणे उतरवायला हवे होते. वास तसाच सांगत होता. उम्म फवाज थांबली नाही. हातावर सात लिहिले होते. चौथी सुरू झाली. फखरुन्निसा उठून उभी राहिली. बघ ना, ती मनात म्हणाली, कढईत बघ. पण उम्म फवाज थोरल्या बाईच्या चेहऱ्याकडं बघत होती. पाचवी. वास फिरला. गोड होता तो खरपूस झाला, खरपूसचा कडू व्हायला लागला.

गेली तर आपण दिसणार. हिनाचं बोलणं, मुनव्वरचा हातातला मोजा, सगळं तिला आठवलं. नाही असं नाही. पण तोवर तिनं दार ढकललं होतं.

ती शेडखाली गेली, ओढणीचा पदर हाताला गुंडाळला आणि कढई शेगडीवरून उचलली. कढई जड, पदर ओला. चटका वाफेसारखा आत शिरला. तिनं धणे परातीत उलटे केले, फुंकर मारली, हातांनी पसरले, करपलेले भराभर बाजूला सारले. मग जाळ बारीक केला. मग वर बघितलं.

तिघी तिच्याकडं बघत होत्या.

"ही कोण?" टॅबवाली पोरगी म्हणाली.

उम्म फवाजचं तोंड उघडं होतं. तिची मान लाल झाली, गळ्यापासून कानापर्यंत. फखरुन्निसानं क्षणभर तिची वाट बघितली. ती काय म्हणेल याची खरंच वाट बघितली. मग आपल्या मोडक्या अरबीत म्हणाली, "मी शग्गाला. घरची कामवाली. मॅडमनी शिकवलं तेवढं येतं."

"हिचं नाव लिहू का?" पोरीनं टॅब वर घेतला. "माल बनवताना हात लावला तिनं. बिताका आहे का तुझी?"

बिताका म्हणजे ओळखपत्र. ते फखरुन्निसाच्या पिशवीत होतं आणि त्यावर मुनव्वरची बायको एवढंच लिहिलेलं होतं. तिनं हात परातीखाली धरले.

थोरल्या बाईनं माळ मनगटावर चढवली. "कामवालीचं नाव कशाला लिहायचं?" ती म्हणाली. "कुणाच्या घरात कामवाली नाही? पुढचं लिही." आणि उम्म फवाजच्या पाठीवरून हात फिरवला. "मुली, तुझा आवाजही चांगला आणि हातही चांगला. कामवालीलासुद्धा तयार केलंस तू."

फखरुन्निसा परात उचलून शिडीखोलीत गेली. तिथं ती पोटभर खोकली.

त्या संध्याकाळी उजव्या हाताच्या तीन बोटांवर फोड आले. मुनव्वरनं हात उजेडात धरून बघितला.

"मिळालं का यंत्र?"

"बघतायत."

"आणि तू कोण म्हणून विचारलं नाय कुणी?"

"विचारलं."

"मग?"

"सांगितलं."

त्यानं टूथपेस्ट आणली आणि एकेका बोटाला लावत बसला. वखारीत चटका बसला की ते तेच लावत. इतक्या वर्षांत त्यानं तिचा हात एवढा वेळ धरला नव्हता. तिला ते सहन होईना. "पुरे," म्हणून ती भांडी घासायला उठली, डाव्या हातानं.

चार दिवस ती गेली नाही. उम्म फवाजचे फोन आले, तिनं घेतले नाहीत. खोलीत बसून राहवेना. सकाळी ती खिडकीतून वारा बघायची, कोस आहे की उत्तरेचा, आणि तिकडं गच्चीवर मिरची कोण परतत असेल याचा विचार करायची. दुपारी उगीच भांडी मांडणीवरून काढून परत लावायची. हिना म्हणाली, "अम्मी, प्लीज सिट डाउन, यू आर मेकिंग मी डिझी."

पाचव्या दिवशी खाली गाडीचा हॉर्न वाजला. उम्म फवाज स्वतः गाडी घेऊन आली होती. काच खाली करून म्हणाली, "मिळालं, खाला. यंत्र आलं. चल."

गच्चीवर यंत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभं होतं, लोखंडी, माणसाच्या कमरेएवढं. बाजूला मिरची तशीच पसरलेली. दवानं आणि धुळीनं तिचा रंग उतरला होता. चार दिवस कुणी परतली नव्हती.

"मी सांगणार होते," उम्म फवाज म्हणाली. "शेजारीण आहे म्हणून. तू बोलायची घाई केलीस."

"नाही सांगणार होतीस."

उम्म फवाजनं अंगठी फिरवली. "नाही," ती म्हणाली. "सुचलंच नाही मला. तू आठ वर्षं येतेस आणि मला सुचलं नाही. माफ कर."

फखरुन्निसानं फडकं घेतलं, चटई ओढली आणि मिरच्यांच्या ढिगाजवळ बसली. एक मिरची पुसली, देठ मोडला, परातीत टाकली. मग समोरची जागा हातानं झाडली.

"कागदावर काय लिहिलंय? तू स्वतः करतेस. बस."

"आत्ता?"

"मिरची आत्ताच खराब होतीय."

उम्म फवाज बसली. अबाया गुडघ्यांत खोचला. मांडी घालता येईना, तेव्हा पाय एका बाजूला घेतले. देठ कसा धरायचा ते बघितलं. तिची पहिली मिरची मधोमध तुटली, दुसरी पण. लांब नखांत बी अडकलं. तिनं बोलता बोलता, यंत्र कुठं ठेवायचं, दळायला कोणता दिवस धरायचा, असं काहीबाही सांगता सांगता कपाळावरचा घाम पुसला, आणि त्याच बोटानं डोळा.

"या अल्ला!" ती ओरडली. "पाणी! खाला, पाणी!"

फखरुन्निसानं एक देठ मोडला. दुसरा मोडला. उम्म फवाज डोळा दाबून चटईवर वाकली होती, नाकातून पाणी, ओठ वाकडे, एखाद्या लहान पोरीसारखी. फखरुन्निसानं तिसरी मिरची पुसली, उलटीपालटी करून बघितली, परातीत टाकली.

मग ती उठली. "चोळू नको. पाणी लावू नको, पसरतं. हात मागं घे. मागं घे म्हणते ना." तिनं डाव्या हातानं उम्म फवाजची हनुवटी वर केली. ओढणीच्या स्वच्छ टोकाचा बोळा केला, तोंडाशी धरून त्यात ऊन श्वास सोडला आणि तो डोळ्यावर ठेवला. परत श्वास सोडला, परत ठेवला. उम्म फवाज तिच्या पोटाशी डोकं टेकून हुंदके देत राहिली. ते नुसते मिरचीचे नव्हते. कोस वारा पडला होता. आता उत्तरेकडून कोरडी झुळूक येत होती आणि चटईवरच्या मिरच्या हलके हलके वाजत होत्या.

"उघड बघू," फखरुन्निसा म्हणाली.

डोळा लालबुंद होता, पण उघडला.

"दिसतंय?"

"दिसतंय."

"मग बस. अजून अडीच गोणी आहे." ती आपल्या जागी येऊन बसली आणि परात दोघींच्या मध्ये सरकवली. "आणि उद्या वर यायच्या आधी नखं काप."